आगरातल्या उंदरांसाठी एअर रायफल घेतली आहे, स्कोप किती एक्सचा घ्यावा?

माडाखाली (आंजर्ले, दापोली)

नमस्कार मंडळी. घरामागे आमचं आगर आहे, माड आणि मधे पोफळी. दिवाळीपासून उंदरांनी उच्छाद मांडलाय. सकाळी आळ्यात बघावं तर मुठीएवढी कोवळी फळं पडलेली, देठाजवळ वाटोळं भोक. पाडेली (नारळ पाडणारा) म्हणतो, शेंड्यातच घरटी केलीत. खाली घुशींनी आळी पोखरलीत ती वेगळीच. घरात गाय आणि मांजरं असल्यामुळे बाबा विष ठेवू देत नाहीत, म्हणून .177 ची (साडेचार मिलिमीटर छर्र्याची) स्प्रिंगवाली एअर रायफल घेतली. दिवसा नुसत्या माशीवर (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुंटीवर) नेम बरा बसतो, पण उंदीर निघतात दिवेलागणीला आणि तेव्हा माशीच दिसत नाही.

यूट्यूबवर अमेरिकेतले लोक असल्या प्राण्यांसाठी 6-24x50 स्कोप लावतात, म्हणजे 6 ते 24 एक्स (पट) मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 50 मिलिमीटरचं असलेली नेमाची दुर्बीण. दुकानदार 3-9x40 गळ्यात मारतोय. मित्राकडे जुना 4x32 पडून आहे, तो फुकट देतोय. कुठला घेऊ? मोठा घेतला तर कमी करून वापरता येतोच ना, मग मोठाच का नको? शिवाय त्यानेच वानरांनाही धाक बसला तर दुधात साखर.

वाडीकर (मूळ सावंतवाडी, सध्या कॅन्सस)

ते व्हिडिओ बहुतेक प्रेअरी डॉगचे असणार. नावात डॉग असलं तरी ती जमिनीतली खार, वजनाला किलोभर. इथे पश्चिम कॅन्ससच्या माळावर त्यांच्या वसाहतीच्या वसाहती असतात. रँचवाल्याची परवानगी काढायची, टेबल मांडायचं, बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) रायफल टेकवायची आणि 200-300 यार्डांवर मारायचं. काडतूस .223 किंवा .22-250. एवढ्या लांब, बिळाच्या तोंडाशी बसलेलं एवढंसं डोकं, त्यामुळे 6-24 तिथे शोभतो. तरीही दुपारी माळ तापला की हवा लहरायला लागते, स्कोप ती लहरही तेवढीच मोठी करून दाखवतो आणि सगळे मुकाट 12-14 वर येतात. तुमच्या आगरात 200 यार्ड कुठून आणणार?

जुनी माशी (गुहागर)

वाडीकरांनी मर्मावर बोट ठेवलंय. आधी पडवीच्या कोपऱ्यापासून शेवटच्या माडापर्यंत टेप धर. आंजर्ल्याची आगरं मी पाहिली आहेत, लांब नि अरुंद, आणि मधे इतकी झाडं की 20-25 मीटरच्या पुढे सरळ नजर पोचत नाही. तुझा सगळा खेळ 10 ते 20 मीटरचा.

आता 24 एक्स लावून 20 मीटरवर बघ. भिंगात जेमतेम फूटभर जागा मावते. उंदीर गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) पळाला की तू स्कोपात नुसतं शेवाळ शोधत बसणार. 4 एक्सला तिथेच पावणेदोन मीटरच्या आसपास दिसतं, म्हणजे उंदीर, त्याच्या पुढची वाट आणि मागचा चिरा, सगळं एका नजरेत. ‘कमी करून वापरीन’ म्हणतोस, पण 6-24 हा 6 च्या खाली उतरतच नाही. वर ते धूड, हलक्या एअर रायफलवर नारळाएवढं वजन.

दिवेलागणीचा हिशेब तर याहून सोपा. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले एक्स, तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत तुझ्या डोळ्यात येतो. 50 भागिले 24 म्हणजे 2 मिलिमीटर. अंधारात तरुण माणसाची बाहुली 7 मिलिमीटरपर्यंत उघडते, म्हणजे बाकीची बाहुली उपाशीच. 40 भागिले 9 म्हणजे साडेचार. 32 भागिले 4 म्हणजे 8, इथे डोळा तृप्त. मित्राचा फुकटातला 4x32 दुकानदार काढून दाखवत नाही यात नवल नाही, त्यात त्याला सुटतंय काय?

पण तो डोळे मिटून घेऊ नकोस. पुढून बॅटरी मारून मागून आत बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर बुरशी धरली आहे. आपल्या पावसाळ्यात रेक्झिनच्या कव्हरात ठेवलेल्या प्रत्येक भिंगाचं हेच होतं. मग तो परत करायचा.

दुसरं पॅरालॅक्सचं बघायचं, आणि एअर रायफलवाल्याला एक्सपेक्षा हे जास्त नडतं. मोठ्या रायफलीचे साधे स्कोप 100 यार्डांवर जुळवून बंद केलेले असतात. तो 20 मीटरवर लावला आणि गाल दस्त्यावर जरा इकडेतिकडे बसला, की क्रॉस (स्कोपातल्या नेमाच्या उभ्या-आडव्या रेघा) निशाणावरून सरकतो. 40 च्या भिंगाला हा फरक दीड सेंटिमीटरपर्यंत जातो. उंदराचं डोकं केवढं? म्हणून पुढच्या भिंगाभोवती फिरणारी कडी असलेला, 10 यार्डांपर्यंत खाली येणारा घे. दुकानात त्याला ‘एओ’ म्हणतात. 3-9x40 एओ मिळाला तर तोच घे आणि संध्याकाळी 4 वर ठेव. 9 कशाला वापरायचं, तर झिरो करताना, म्हणजे ठरलेल्या अंतरावर छर्रा क्रॉसवरच लागेल असा स्कोप जुळवताना, कागदावरची भोकं इथूनच मोजायला. चालत जायचा त्रास वाचतो, बाकी काही नाही.

तिसरं, खोक्यावर ‘एअरगनसाठी’ असं लिहिलेलं पाहिजे. स्प्रिंगवाली बंदूक आधी मागे धक्का देते, मग दट्ट्या पुढे जाऊन आदळला की पुढे. बाराच्या बंदुकीचा धक्का खाणारा स्कोपही या उलट्या धक्क्याने आतून सुटा होतो. माउंट (स्कोप बंदुकीवर धरणारी कडी) एकसंध घे, खाली स्टॉप पिन असलेला, नाहीतर स्कोप पट्टीवरून हळूहळू मागे सरकतो आणि आपण नेमाला दोष देतो. मुळात तुझ्या रायफलीला माउंट बसवायची 11 मिलिमीटरची खाच आहे का ते बघ, काही देशी मॉडेलना नसतेच.

आणि वानरांचं डोक्यातून काढून टाक. वन्यजीव कायदा 1972 चा आहे, वानर त्यात संरक्षित आहे. छर्रा मारून जखमी करणं हीसुद्धा कायद्याने शिकारच. वानरं फटाक्यांनी नाहीतर कुत्र्याने हाकलायची. रानडुकराला वनखात्याची परवानगी लागते आणि तिथे एअर रायफल म्हणजे त्याला गुदगुल्या. उंदीर-घुशी तेवढ्या मोकळ्या.

मधली आळी (मुरुड, दापोली)

काका, आमच्याकडे आजोबांच्या नावावरची शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. तिच्यावर स्कोप चढवला तर?

जुनी माशी (गुहागर)

नळी आतून गुळगुळीत, आट्या नाहीत. छरे पसरत जाणार, तीस-चाळीस मीटरपुढे भरवसा नाही. तिथे 1 एक्ससुद्धा चैनच. शिवाय दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची, परत आणायची, त्यात स्कोपाचा झिरो काय टिकणार? आणि परवाना आजोबांच्या नावावर म्हणतोस, तर तो तुझ्या नावावर झाल्याशिवाय तिला हात लावू नकोस.

माडाखाली (आंजर्ले, दापोली)

काका, टेप धरली. पडवीपासून विहिरीपर्यंत 14 मीटर, मागच्या गडग्यापर्यंत 22. मित्राच्या 4x32 मध्ये बॅटरी मारली, जाळं आहे. म्हणजे 3-9 एओ. पण शेंड्यातल्या उंदरांचं काय? माड 15 मीटर तरी उंच आहेत. खालून वर मारताना नेम कुठे धरायचा?

जुनी माशी (गुहागर)

नेमाचं गणित सांगतो, पण मारू नकोस. छर्रा किती खाली येणार हे आडव्या अंतरावर ठरतं. बुंध्यापासून 8 मीटरवर उभा राहिलास तर शेंडा नजरेने 17 मीटरवर, पण छर्र्याच्या दृष्टीने 8 च मीटर. सपाटीवर झिरो केलेली बंदूक तिथे दोनेक सेंटिमीटर वर मारणार, म्हणजे नेम तेवढा खाली धरायचा.

आता का मारायचं नाही ते ऐक. चुकलेला छर्रा झावळ्यांतून पार जाऊन शेजाऱ्याच्या पत्र्यावर किंवा पाखाडीवरून येणाऱ्या माणसावर. आणि रात्री शेंड्यात बॅटरीने दोन डोळे चमकले म्हणजे उंदीरच, असं कोणी सांगितलं? उदमांजर असतं, माडीच्या मडक्याला तोंड लावणारं. दापोलीच्या बाजूला दिवसा शेकरूही माडावर येतं, तो तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी. दोघांनाही हात लावायचा नाही. स्कोप रोखून ‘काय आहे बघू’ म्हणणारा माणूस मला शेजारी नको. बघायला दुर्बीण घे, 8x42 ची.

जमिनीवर मार, मागे मातीचा बांध असेल तिथेच. उघड्या चिऱ्याच्या गडग्यावर मारलास तर छर्रा उलटा येतो, चष्मा घालत जा.

शेंड्यासाठी पाडेलीला सांगून आधी शेंडा साफ करून घे, वाळकी पोगं आणि जाळी काढून टाकायची. मग बुंध्याला दोन मीटरवर 40 सेंटिमीटर रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळायचा. उंदराला नखं रोवता येत नाहीत. मात्र झावळ्या एकमेकींत गेल्या असतील किंवा पोफळ टेकली असेल तर तो बाजूच्या झाडावरून येणार, तेव्हा पत्रा फक्त सुट्या माडांना.

बाबांना एवढं सांग की माडावरच्या उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनच्या (उंदरांच्या विषाच्या) वड्या जमिनीवर ठेवायच्या नसतात. पाच माडांत एकाच्या शेंड्यात दोन वड्या, बारा दिवसांनी पुन्हा दोन. गाईचा प्रश्न मिटला. मांजरांचा मिटत नाही, कारण मेलेला उंदीर खाली पडतो. रोज सकाळी आळी फिरून उचलून पुरायची तयारी असेल तरच.

माडाखाली (आंजर्ले, दापोली)

मांजरांपायी वड्या नकोतच, आई ऐकणार नाही. पत्रा सुट्या सात माडांना बसेल. स्कोप शनिवारी दापोलीला जाऊन बघतो. झिरो किती मीटरवर करू, 14 की 22?

जुनी माशी (गुहागर)

18 वर कर. 14 आणि 22 दोन्हीकडे फरक बोटाच्या आत राहील. मात्र स्कोप नळीच्या चारेक सेंटिमीटर वर बसतो, त्यामुळे अगदी जवळ, पाच-सहा मीटरवर घूस आली तर छर्रा क्रॉसच्या दोन-अडीच सेंटिमीटर खाली लागणार. तिथे नेम वर धरायचा. बिल आणि ओळखपत्राची प्रत डब्यात ठेव आणि स्कोप काढून त्याच डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. तांदळात ठेवू नकोस, पीठ कडीत जाऊन बसतं.