पोकरवर घर चालवणे: बडोद्यातून विचारलेल्या प्रश्नाबद्दल

"नोकरी सोडून पोकरवर बडोद्यात घर चालेल का" या प्रश्नावर सगळे, पोकर हा पत्त्यांचा पैजेचा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, यावरच अडलेत. खरी अडचण करात आहे, भाऊ.

हिशोब मांडा. ५,००० रुपयांच्या १० टूर्नामेंट खेळलात, म्हणजे प्रवेशापोटी ५०,००० गेले. एकीत ६०,००० चे बक्षीस मिळाले. तुमच्या वहीत नफा १०,०००. पण जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर, त्या करावर ४ टक्के सेस (उपकर), म्हणजे १८,७२० रुपये. हरलेल्या नऊ प्रवेशफिया वजा होत नाहीत, खेळायला गोव्याला जायचे तिकीट-हॉटेलही नाही. म्हणजे जिंकूनही ८,७२० चा खड्डा! ही बाजू यूट्यूबवाले क्वचितच दाखवतात.

भांडवल किमान १०० प्रवेशफियांचे, म्हणजे इथे ५ लाख. मोठ्या गर्दीच्या टूर्नामेंटना दुप्पट. घरखर्चाचे वर्षभराचे पैसे वेगळ्या खात्यात, कारण साधारण दर सातांतल्या एकालाच बक्षीस मिळते आणि खरी रक्कम पहिल्या तिघांतच असते. चांगल्या खेळाडूचेही महिने कोरडे जातात. अशा वेळी भाड्याचे पैसे टेबलावर आले की माणूस घाबरून डाव सोडतो, आणि मग खेळ बिघडतोच.

आणि जागेचे काय? गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगारच ठरवले. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळही बंद केले. उरले गोव्यासारखे कॅसिनोचे ठिकाण. बडोद्याच्या सयाजीगंजातल्या कुठल्या फ्लॅटवर "प्रायव्हेट गेम" असल्याचे कोणी सांगितले तर तिकडे फिरकू नका.