मदत हवी आहे: ॲक्सिलरेटर दिला की स्पीकरमधून शिट्टी, आवाज वाढवला की कर्कश (कोल्हापूर)

शिवाजीपेठकर
मंडळी, गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१९. सेटअप असा: अँड्रॉइड हेड युनिट (डॅशबोर्डातला स्टिरिओ; आवाज ० ते ४०, १६ बँडचा इक्वलायझर, डिलेची सोय आहे), ४ चॅनल ॲम्प ७५ वॅट × ४, पुढं ६.५ इंची कंपोनंट स्पीकर, मागचे दोन चॅनल ब्रिज करून (एकत्र जोडून) १० इंची सबवूफर (बासचा स्पीकर) ४ ओहमचा. ब्रिजला ॲम्पचं रेटिंग २५० वॅट. पॉवर वायर ८ गेज, फ्यूज ४० अँपिअर.

तक्रारी तीन. इंजिन चालू असताना बारीक शिट्टी येते आणि रेस केलं की तिचा सूर चढतो. २५ च्या वर आवाज नेला की गाणारीचा आवाज चरचरतो. तिसरी, सगळं गाणं उजव्या दारातून येतं आणि ढोलकीचा ठोका डिकीतून.

फिटर म्हणतो स्पीकर बदला. बदलू का? माझ्याकडं मल्टिमीटर आहे, मोबाइलवर स्पेक्ट्रमचं ॲप आहे.

उद्यमनगर_ओहम
स्पीकरला हात लावू नका. तिन्ही तक्रारींत स्पीकरचा दोष असण्याची शक्यता सगळ्यात कमी आहे.

आधी शिट्टी. सूर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढतो म्हणजे अल्टरनेटरचा रिपल (त्याच्या करंटमधली लहर) सिग्नलमध्ये शिरतोय. कुठून शिरतोय ते टप्प्याटप्प्यानं शोधा. प्रत्येक वेळी सिस्टिम बंद करूनच आरसीए (हेड युनिटचा सिग्नल ॲम्पला नेणाऱ्या केबली) काढा-घाला. चालू सिस्टिमवर ओढाओढ केली तर हेड युनिटमधला आरसीएच्या ग्राउंडचा नाजूक ट्रॅक उडू शकतो आणि मग शिट्टी कायमची.

१. ॲम्पकडचे सगळे आरसीए काढा, इंजिन चालू करा. शिट्टी राहिली तर दोष ॲम्पमध्ये किंवा त्याच्या पॉवर-अर्थिंगमध्ये. गेली तर पुढं चला.
२. दोन रिकाम्या आरसीए पिनांत मधली तार आणि बाहेरची कडी शॉर्ट करून त्या ॲम्पला लावा. शांत राहिला तर ॲम्पची इनपुट बाजू ठीक.
३. मोबाइल चार्जरला न लावता छोट्या केबलनं थेट ॲम्पला जोडा. तरी शांत असेल तर दोष हेड युनिट, आरसीएचा मार्ग किंवा दोघांच्या अर्थिंगमधला फरक.
४. केबल काढून हेड युनिटच्या आरसीएची बाहेरची कडी आणि त्याची बॉडी यांच्यातला रेझिस्टन्स बघा. जवळजवळ शून्य हवा.

मग व्होल्टेज ड्रॉप. इंजिन चालू, बासचा टोन जोरात. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला (लांब वायर लागेल), दुसरं ॲम्पच्या ग्राउंड टर्मिनलला. ०.१ ते ०.२ च्या वर आकडा नको. तसंच पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह बघा. काहीच वाजत नसताना घेतलेलं रीडिंग इथं कामाचं नाही, करंट वाहिल्याशिवाय ड्रॉप दिसत नाही.

शिवाजीपेठकर
रीडिंग घेतली. आरसीए काढल्यावर शिट्टी गेली. शॉर्ट पिनांवर शांत, मोबाइलवर शांत. कडी ते बॉडी ०.४ ओहम. टोन वाजताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, ॲम्पवर १२.६. त्यातला ग्राउंडच्या बाजूचा ड्रॉप ०.९. अर्थिंग सीटच्या बोल्टला दिलंय.

उद्यमनगर_ओहम
सापडलं की. ॲम्पचं ग्राउंड हेड युनिटच्या ग्राउंडपेक्षा ०.९ व्होल्ट वर बसलंय. तो करंट आरसीएच्या शील्डमधून वाट काढतो आणि सोबत अल्टरनेटरचा रिपल घेऊन येतो. मोबाइलला गाडीच्या अर्थिंगशी देणंघेणं नाही, म्हणून त्याच्यावर शांत.

सीटचा बोल्ट बहुतेक वेळा रंगावर आणि लॉक्टाइटवर बसलेला असतो, अर्थिंगला तो नकोच. ॲम्पपासून अर्ध्या मीटरच्या आत पत्र्याची सपाट जागा बघा, खाली पेट्रोलची टाकी किंवा लाइन नाही ना ते आधी वाकून पाहा. रंग घासून पत्रा चकचकीत करा, क्रिंप केलेला रिंग लग, दातेरी वॉशर आणि नट-बोल्टनं आवळा, वरून रंग किंवा ग्रीस. आपल्याकडच्या पावसात उघडा पत्रा एका पावसाळ्यात गंजतो आणि शिट्टी परत हजर.

उरलेले ०.४ पॉझिटिव्हचे. वायरची एक तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे, तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या साधारण दीडपटीहून जास्त. तसं असेल तर ८ गेज शुद्ध तांब्याची टाका. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. पॉवर वायर एका बाजूनं, आरसीए दुसऱ्या बाजूनं.

गेन_कमी_करा
चरचर म्हणजे गेन (हेड युनिटचा सिग्नल ॲम्पनं किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब). गेन हा व्हॉल्यूम नव्हे, ही गोष्ट निम्म्या फिटरांना पटत नाही. कोल्हापुरात दार हाललं म्हणजे सेटअप भारी, असा हिशोब!

पहिलं हेड युनिट कुठं क्लिप होतं (लाटेचे शेंडे छाटायला लागतं) ते काढा. लाउडनेस, बास बूस्ट बंद, इक्वलायझर सपाट. यूएसबीवरून ० डीबीचा २०० हर्ट्झ साइन टोन (ब्लूटूथवरून नको). आरसीएवर एसी व्होल्ट मोजत दोन-दोन पायऱ्या चढा. वाढ एका प्रमाणात होत असते, ती अचानक अडखळते तिथं क्लिपिंग. समजा २६ वर १.२६, २८ वर १.५८, ३० वर २.०, ३२ वर २.१५, ३४ वर २.२ आलं, तर तुमची हद्द ३०.

मग स्पीकरच्या तारा काढून ॲम्पच्या आउटपुटवर मोजा. लक्ष्य व्होल्ट = वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. पुढच्या चॅनलला ७५ वॅट × ४ ओहम, म्हणजे १७.३ व्होल्ट. सबला २५० × ४, म्हणजे ३१.६, त्यासाठी टोन ५० हर्ट्झचा. सगळीकडं १ किलोहर्ट्झचा टोन लावा असं सांगतात, पण स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या वर चुकीचं दाखवतात, म्हणून २०० सुचवला.

शिवाजीपेठकर
हद्द ३० च निघाली. पण ३० वर पुढच्या चॅनलला २२ व्होल्ट येतात.

गेन_कमी_करा
२२ चा वर्ग भागिले ४, म्हणजे १२१ वॅट. ७५ वॅटच्या ॲम्पकडं ते नाहीत. लोड लागला की लाटेचे शेंडे छाटले जातात आणि तीच तुमची चरचर. १७.३ वर आणून गेनच्या नॉबवर मार्करनं खूण करा. आवाज कमी वाटेल. तरी नॉब परत फिरवू नका, सबच जरा खाली घ्या.

पिंक_नॉइज
आता खरं ट्यूनिंग. दारांना हाय पास (वरचे सूर जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झ, सबला लो पास (खालचे जाऊ देणारा) ८०, दोन्ही २४ डीबीचा उतार मिळत असेल तर तो.

डिले (जवळच्या स्पीकरचा आवाज जरा उशिरा सोडणं): टेपनं प्रत्येक स्पीकरपासून ड्रायव्हरच्या नाकापर्यंतचं अंतर मोजा. सगळ्यात लांबचा तो शून्य, बाकीच्यांना फरकाचे सेंटिमीटर भागिले ३४.३ इतके मिलिसेकंद. सब १७० सेंमी, डावं दार १३०, उजवं ८० धरलं तर उजव्याला २.६२, डाव्याला १.१७, सबला ०. जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावा, गायकाचा आवाज डॅशबोर्डच्या मध्यावर उभा राहिला पाहिजे. उजवीकडं ओढला तर उजव्याला ०.०५ नं वाढवत जा. सबचा टेपवरचा आकडा फक्त सुरुवातीचा, कारण लो पास फिल्टर स्वतःचा उशीर मिसळतो. ८० हर्ट्झचा टोन लावून सबची फेज (प्लस-मायनसची दिशा) उलटसुलट करून बघा, ज्यात ठोका जोरात येतो ती ठेवा. ठोका पुढं सरकतो तो इथंच.

मोबाइलच्या माइकवर २०० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झमधली डाव्या-उजव्याची तुलना चालेल, खालचा बास त्याच्यावर मोजू नका. बोलण्यासाठी बनवलेला माइक तो, खालचं बरंच गाळतो. कॅलिब्रेशन फाइल असलेला यूएसबी माइक (यूमिक-१ सारखा) आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. रंकाळ्यावर हॉर्न मोजले जातील, पहाटे शेंडा पार्ककडं जा. काचा बंद, एसी बंद. पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेला सळसळाट) लावून माइक डोक्याच्या जागेभोवती सावकाश फिरवत सरासरी घ्या: फक्त डावं, फक्त उजवं, दोन्ही, मग सब. आलेख १/६ ऑक्टेव्हवर गुळगुळीत करा.

इक्वलायझरनं आधी आलेखातले डोंगर कापा, खड्डे भरायला जाऊ नका. ६ डीबी वाढवायला चौपट पॉवर लागते. आणि डावं-उजवं वेगवेगळं ठीक पण दोन्ही मिळून १५०-२५० च्या आसपास खड्डा पडत असेल तर ती फेजची भानगड, इक्वलायझरनं भरणार नाही. आलेख सपाटही करू नका. ६० हर्ट्झच्या खाली १ किलोहर्ट्झपेक्षा साधारण १० डीबी जास्त, वरच्या टोकाला ३-४ डीबीचा उतार, एवढं कानाला बरं लागतं. एक प्रीसेट उभ्या गाडीसाठी, दुसरा कागलच्या हायवेसाठी. टायरचा घरघराट खालचा बास खातो, तिथं सब २-३ डीबी वर.

शिवाजीपेठकर
अर्थिंग बदललं, शिट्टी गेली. दारांत डँपिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी) टाकायची का? पाऊस तोंडावर आलाय.

उद्यमनगर_ओहम
टाका, पण बाहेरच्या पत्र्याला पाव भाग झाकला तरी पुरे. खरा फायदा आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करण्यात आहे. तिथून स्पीकरच्या कोनच्या (पडद्याच्या) मागचा आवाज पुढच्याला भेटतो आणि मिड-बास मरतो. स्पंज नको, पाणी धरतो. स्पीकरखालची एमडीएफची (लाकडी भुशाच्या फळीची) रिंग फुगते. आपल्याकडं टर्निंगवाले काय कमी आहेत का, ॲल्युमिनियमची करून घ्या. दाराच्या तळाची ड्रेन होल मात्र उघडी ठेवा. दाराचं आतलं पॅड बसवायच्या आधी काचेवर तांब्याभर पाणी ओता, खालून सगळं निघालं तर स्क्रू आवळा.