फिल्टर बदलल्यावर मासे मेले, तर आधी कुणाकडे बोट दाखवायचं?

काचघर
वाघोलीतल्या शेजाऱ्यांच्या तीन फुटी टँकमधले एंजल आणि मॉली या आठवड्यात एकामागून एक गेले. रविवारी त्यांनी आतला पॉवर फिल्टर काढून नवा कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा डब्याचा फिल्टर, लावला. जुना स्पंज काळा पडला होता, तो फेकला. खालची वाळूही धुऊन गच्चीत उन्हात वाळवली आणि संध्याकाळी परत टाकली. सोमवारी मासे नेहमीसारखे फिरत होते. मंगळवारी रात्री ते पृष्ठभागावर येऊन तोंड मारू लागले, आणि बुधवारी सकाळी पहिले दोन एंजल गेले. दुकानातून मिळालं काय, तर फंगसचं निळं औषध!

हे मासे रोगाने मेलेले नाहीत, अमोनियाने मेलेत. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. त्यांची मोठी वस्ती त्या काळ्या स्पंजात असते. ते फार सावकाश वाढतात, कोऱ्या टँकमध्ये घडी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. जुना स्पंज म्हणजे नव्या फिल्टरचं विरजण, तेच कचऱ्यात गेलं. माझं ठाम मत असं, की फिल्टर विकणाऱ्याने 'जुना काढू नका, महिनाभर दोन्ही सोबत चालवा' हे सांगितल्याशिवाय खोकं हातात देऊ नये. जीव जातात यात.

मुंबईचा_गप्पीवाला
सहमत नाही. दर वेळी फिल्टरच्याच नावाने खापर फुटतं. जिवाणू फक्त स्पंजात नसतात. वाळू, लाकूड, काच, पानं, सगळीकडे असतात. जुन्या, कमी माशांच्या टँकमधला फिल्टर मी सरळ बदललाय, एकही मासा गेला नाही. इथे खरा घात वाळू उन्हात वाळवल्याने झाला.

शिवाय मासे किती वेळाने मेले ते आधी विचारा. काही तासांत मेले तर स्पंज गेल्यामुळे साठलेला अमोनिया हे कारण बसत नाही. मग क्लोरीन, तापमान किंवा पीएच. आमच्याकडे तलावाचं मऊ पाणी येतं. वर्षभर नीट न बदललेल्या टँकमध्ये पीएच ६ च्या आसपास उतरतो. त्या पाण्यात साठलेला अमोनिया अमोनियमच्या रूपात निरुपद्रवी पडून असतो. फिल्टर बदलायच्या दिवशी लोक हौसेने अर्ध्याहून जास्त पाणी बदलतात, पीएच चढतो आणि तोच साठा विषारी होतो. मासे मेले पाण्यामुळे, नाव फिल्टरचं!

शेवाळ_आणि_रोपं
तुम्ही दोघंही रसायनात अडकलात. पहाटे मेलेले मासे बघितले की मी आधी कॅनिस्टरच्या नळीचं तोंड बघतो. आतला फिल्टर वरचं पाणी ढवळत असतो. कॅनिस्टरची नळी खोल सोडली की पृष्ठभाग आरशासारखा स्थिर होतो. आवाज नाही म्हणून घरचे खूश असतात, पण हवा पाण्यात मिसळायची थांबते. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. रात्री रोपंही तोच वापरतात. नळी वर घ्या, एअर पंप लावा, दोनतीन तासांत मासे खाली गेले तर कारण सापडलं.

काचघर
नळी वर आहे आणि एअर पंप रात्रभर चालू होता, तरी मासे वरच होते. काल मी पाणी तपासायचं थेंबांचं किट घेऊन त्यांच्याकडे गेले: अमोनिया २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम), नायट्राइट जेमतेम, पीएच ८. गप्पीवाले, तुमचा जुन्या टँकचा मुद्दा मुंबई-ठाण्याला लागू पडेल. इथे बोअरचं जड पाणी आहे, पीएच उतरतच नाही. उलट म्हणूनच ते जास्त घातक. पीएच ७ ला एकूण अमोनियाचा शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो, ८ ला पाच-सहा भाग असतात. वाळूबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र पटलं. स्पंज आणि वाळू एकाच दिवशी जायला नको होते.

नाशिकची_गोल्डी
माझ्या गोल्डफिशसाठी नवा फिल्टर आणलाय, अजून लावला नाही. दुकानात बॅक्टेरियाची बाटली मिळते. ती ओतून जुना काढला तर चालेल का?

मुंबईचा_गप्पीवाला
बाटलीच्या भरवशावर नको. गोदामाच्या उकाड्यात आत काय जिवंत राहिलंय ते कळत नाही. त्यातून १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की गोड्या पाण्याच्या टँकमध्ये नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टर नव्हे, नायट्रोस्पायरा करतो. लेबल वाचून घ्या. आणि गोल्डफिश घाण खूप करतात, तुमच्या बाबतीत मी काचघर यांच्या बाजूने: दोन्ही फिल्टर सोबत चालवा.

पण दुकानदारावर ठपका ठेवायला माझा अजूनही विरोध आहे. ज्याने टँक ठेवलाय त्याने किट ठेवलंच पाहिजे. पाणी न मोजता औषध मागणाऱ्याला दुकानदार औषधच देणार.

काचघर
पहिला टँक घेणाऱ्याला किट नावाची वस्तू असते हेच माहीत नसतं. ते कोण सांगणार? पैसे घेणाऱ्यानेच ना?

शेवाळ_आणि_रोपं
वाद नंतर. वाघोलीचे उरलेले मासे वाचवा. खाणं पूर्ण बंद. पाणी रोज तिसरा हिस्सा बदला. बोअरचं असेल तर हायपो (क्लोरीन घालवायचे खडे) लागणार नाही, टँकरचं क्लोरीनवालं असेल तर लागेल. निळं औषध बंद करा, त्यातली काही औषधं उरलेसुरले जिवाणूही मारतात. पुढच्या आठवड्यात नायट्राइट वर जाईल, त्यासाठी दहा लिटरला एक ग्रॅम मीठ विरघळवून टाका. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही.

मुंबईचा_गप्पीवाला
बरोबर. फक्त मऊ पाण्यावाल्यांनी हे वाचून लगेच बादल्या ओतू नयेत. आधी पीएच मोजा. ६ च्या आसपास असेल तर एका वेळी दहा टक्क्यांवर जाऊ नका.

काचघर
मीठ आजच टाकायला सांगते. वाघोली-खराडी भागात कुणाकडे चालत्या टँकमधला वापरलेला स्पंज मिळेल का? टँकमध्ये आजारी मासा नको, एवढीच अट.

शेवाळ_आणि_रोपं
खराडीत आहे, माझ्याकडचा अर्धा कापून देतो. रोग नाही, गेल्या वर्षभरात नवा मासा टाकलेला नाही. झाकणाचा डबा आणा, टँकच्याच पाण्यात बुडवून देईन. घरी पोचल्यावर धुऊ नका, तसाच कॅनिस्टरच्या पहिल्या कप्प्यात ठेवा.