मदत हवी आहे: तळोजा ते भोसरी, अ‍ॅसिड, हायपो आणि सायनाइड एकाच आयशरमधून आणावं का?

भोसरी_प्लेटिंग

नमस्कार मंडळी. आमचं झिंक प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. महिन्याचा माल तळोज्याहून येतो. आतापर्यंत वेगवेगळे विक्रेते आपापल्या गाडीने पाठवायचे. आता एकाच व्यापाऱ्याकडून सगळा माल घेऊन १४ फुटी आयशरमधून एकदम आणायचा विचार आहे. यादी अशी:

सल्फ्युरिक ९८ टक्के, ३५ लिटरचे १२ कारबॉय (प्लास्टिकचे मोठे कॅन)
नायट्रिक ६८ टक्के, ३५ लिटरचे ६ कारबॉय
सोडियम हायपोक्लोराइट, ५० लिटरचे ८ ड्रम (हेच हायपो; ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटमध्ये, सायनाइड मारायला)
कॉस्टिक (सोडा) फ्लेक्स, २५ किलोच्या ३० गोण्या
सोडियम सायनाइड, ५० किलोचे २ ड्रम

व्यापारी म्हणतो, "ताडपत्री घट्ट बांधली की काही होत नाही." ट्रान्सपोर्टवाला म्हणतो की एवढ्या फुटकळ मालाला बोर्ड-बिर्ड लागत नाहीत. मला दोन्ही पटत नाहीये. काय एकत्र चालेल, काय नाही, गाडीत काय ठेवायचं आणि ड्रायव्हरकडे काय हवं, हे नीट सांगाल का?

क्षारआम्ल

ही यादी एका हौद्यात चढवू नका. ताडपत्री कितीही घट्ट बांधली तरी चालणार नाही, उलट घट्ट ताडपत्रीने धोका वाढतो.

सायनाइडवर कुठलंही अ‍ॅसिड सांडलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. कडू बदामासारखा वास येतो म्हणतात, पण तो वास बऱ्याच लोकांना जन्मतःच येत नाही, त्यामुळे वासावर विसंबायचं नाही. हायपोत अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड, म्हणून तो हौद्याच्या तळाशी ताडपत्रीखाली साचून राहतो. गाडी भोसरीत पोचली, हमालाने गाठ सोडून डोकं आत घातलं, की पहिला श्वास त्याच्या छातीत.

हायपोने सायनाइड नष्ट होतं, म्हणून ते दोन शेजारी ठेवले तर काय बिघडतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तुमच्या ईटीपीत ती क्रिया पीएच १० च्या वर ठेवून, ढवळत, थोडं थोडं टाकून होते. त्यातही आधी सायनोजेन क्लोराइड हा विषारी वायू तयार होतो. पीएच चढा असेल तरच त्याचं लगेच सायनेट, म्हणजे खूपच कमी विषारी रूप, होतं. हौद्यात फुटलेल्या दोन ड्रमांना पीएच कोण सांभाळून देणार?

म्हणून विभागणी अशी करा. एका फेरीत दोन्ही अ‍ॅसिड. दुसऱ्या फेरीत हायपो आणि कॉस्टिक, कारण दोन्ही अल्कली बाजूचे आहेत. सायनाइड पूर्ण वेगळं, बंद बॉडीच्या, कुलूप लागणाऱ्या गाडीतून, विष परवाना असलेल्या विक्रेत्याकडूनच. त्याला ओल चालत नाही, दमट हवेतही त्यातून हळूहळू वायू सुटतो. त्याच गाडीत त्या दिवशी खाण्याचा माल, जनावरांचा चारा, काहीही नको.

पहिल्या फेरीतही दोन अ‍ॅसिडांत अंतर हवं. सांद्र सल्फ्युरिक आणि सांद्र नायट्रिक मिसळले की मिश्रण तापतं आणि लाकूड, कापड, तेल असं जे सापडेल त्याच्यावर तुटून पडतं. दोघांना स्वतंत्र एचडीपीई (जाड प्लास्टिकचे) ट्रे द्या, मध्ये एक मीटर जागा सोडा.

ईटीपीवाली

क्षारआम्ल यांचं सगळं बरोबर. एक भर घालते: हायपोच्या ड्रमला व्हेंट असलेलं झाकण असतं, कारण हायपोतून सतत थोडा ऑक्सिजन सुटत राहतो. गळतं म्हणून काही जण ते बदलून साधं घट्ट झाकण लावतात. मग उन्हात ड्रम फुगतो, डफासारखा टणक होतो आणि शेवटी झाकण उडतं. व्हेंटचं झाकणच ठेवा आणि ड्रम उभाच राहील असा बांधा. शक्यतो पहाटेची फेरी ठेवा.

भोसरी_प्लेटिंग

बापरे, हायपो आणि सायनाइडचं खरंच माहीत नव्हतं. तीन फेऱ्या ठरल्या. आता बोर्ड आणि लायसन्सचं कोणी सांगेल का? फुटकळ मालाला सूट आहे का?

नियम१२९

सूट नाही. हा गैरसमज बहुतेक युरोपच्या एडीआर, म्हणजे रस्त्याने धोकादायक माल नेण्याच्या, नियमांवरून आला असावा. तिथे ठरावीक मात्रेखाली काही अटी शिथिल होतात. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२९ ते १३७ या नियमांत "इतक्या किलोपर्यंत बोर्ड नको" असं कुठेही लिहिलेलं नाही.

बोर्ड म्हणजे इमर्जन्सी इन्फर्मेशन पॅनेल, नियम १३४. तो तीन ठिकाणी हवा: दोन्ही बाजूंना एकेक आणि मागे एक. रसायनाचं अचूक तांत्रिक नाव किमान ५० मिलिमीटर उंच अक्षरांत, यूएनचा (संयुक्त राष्ट्रांनी धोकादायक मालाला दिलेला) आकडा किमान १०० मिलिमीटर उंच, वर्गाचं चौकटी लेबल किमान २५० मिलिमीटर बाजूचं. शिवाय आपत्कालीन सेवेचं नाव व फोन, आणि माल पाठवणाऱ्याचा किंवा तज्ज्ञ सल्ला देऊ शकेल अशा माणसाचा फोन. हा फोन रात्री दोनलाही उचलला गेला पाहिजे, ऑफिसची लँडलाइन देऊ नका. तुमच्या मालाचे यूएन क्रमांक: सल्फ्युरिक १८३०, नायट्रिक २०३१, हायपो १७९१, घन कॉस्टिक १८२३, सोडियम सायनाइड १६८९. पहिले चार वर्ग ८ (जाळणारी, गंजवणारी रसायनं), सायनाइड वर्ग ६.१ (विषारी). नायट्रिक ६५ टक्के किंवा त्याहून तीव्र असलं की त्याला ५.१ चं, म्हणजे ऑक्सिडायझरचं, जोड लेबलही लागतं. तुमचं ६८ आहे, विसरू नका.

नेहमीची चूक म्हणजे ताडपत्री खाली ओढली की बाजूचे बोर्ड झाकले जातात. मागचा फाळक्यावर लावला तर फाळका उघडल्यावर तो उलटा लोंबतो. नियमात बोर्ड स्वच्छ आणि कायम दिसणारा हवा असं स्पष्ट आहे.

ड्रायव्हरला धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तसा शेरा लागतो. हे लायसन्स मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं चालतं, आधी एकच वर्ष होतं. केबिनमध्ये प्रत्येक रसायनाचं ट्रेम कार्ड, म्हणजे वाटेत अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं कार्ड, हवं. ते ड्रायव्हरला वाचता येईल अशा भाषेत द्या. इंग्रजी एसडीएसचे (रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाचे) बारा कागद बिल्टीला टाचून देणं म्हणजे माहिती देणं नव्हे.

जबाबदारी तिघांवर आहे. गाडी योग्य आहे का, प्रथमोपचार, सुरक्षा साहित्य आणि विषावरचा उतारा आहे का, हे माल पाठवणाऱ्याने पाहायचं (१३१). मिळालेली माहिती पुरेशी आहे याची खात्री गाडीमालकाने करायची आणि ती लेखी ड्रायव्हरला द्यायची (१३२). गाडी सुरक्षित जागी उभी करणं आणि कायम नजरेखाली ठेवणं ड्रायव्हरकडे (१३३). म्हणजे व्यापारी आणि ट्रान्सपोर्टवाला या दोघांनी तुम्हाला जे सांगितलं, त्यातच ते दोघे अडकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(३) खाली पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी स्वतःची असेल तर मालक तुम्हीच, हे लक्षात घ्या.

घाटवाट

माल भरण्याबद्दल लिहितो.

आधी वजन. ९८ टक्के सल्फ्युरिकची घनता १.८४, त्यामुळे ३५ लिटरचा कारबॉय ६४ किलोचा होतो. पाण्याच्या अंदाजाने उचलायला गेलेल्या हमालाच्या हातून तो हमखास निसटतो. प्रत्येक कारबॉयला दोन माणसं किंवा ड्रमची ट्रॉली. कारबॉय एकावर एक रचायचे नाहीत, एकच थर.

चढवण्याआधी प्रत्येक कारबॉय हाताने फिरवून बघा. तळाशी किंवा खांद्यावर प्लास्टिकमध्ये कोरलेलं घड्याळासारखं गोल चिन्ह असतं: मध्ये वर्ष आणि बाण, कडेने महिने. ती बनवण्याची तारीख. प्लास्टिकच्या ड्रमला यूएनच्या नियमात पाच वर्षं मुदत आहे, पण ५५ टक्क्यांहून तीव्र नायट्रिकसाठी फक्त दोन. नायट्रिकने प्लास्टिक पिवळं पडून ठिसूळ होतं आणि तडा बहुधा मुठीच्या मुळाशी जातो. नख लावून बघा, बारीक केसासारखी रेघ दिसली तर तो कारबॉय परत करा.

खाली पेंढा, गोणपाट, लाकडी फळ्या अजिबात नकोत, निदान नायट्रिकखाली तर नकोच. रबर मॅट आणि ट्रे. आधीच्या फेरीचा भुसा किंवा तेल हौद्यात राहिलं असेल तर धुऊन, वाळवून घ्या. ओला हौदाही नको.

आता बांधणी. तळोज्याहून येताना खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत गाडी चढते. म्हणजे बराच वेळ मालाचा भार फाळक्याकडे असतो, आणि चढावर ट्रॅफिकमध्ये थांबून पुन्हा उचलताना जो झटका बसतो तोही मागेच. ब्रेकच्या भीतीने सगळे पुढे टेकवून बांधतात आणि मागची बाजू मोकळी सोडतात. हिशेब असा धरा: पुढच्या बाजूला मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर सहन होईल, मागे आणि दोन्ही बाजूंना ५० टक्के. एक टन अ‍ॅसिडला मागून अर्धा टन धरेल असा आडवा लोखंडी बार हवा, नुसता फाळका नाही. नायलॉनची रस्सी घाटात ढिली पडते. रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे) घ्या आणि खालापूरच्या आसपास सुरक्षित जागी थांबून एकदा ताण तपासा.

लोखंडवाला_०७

गळती झाली तर भुसा टाकून पाणी मारायचं ना? सोपं आणि स्वस्त.

क्षारआम्ल

नाही हो, हे दोन्ही चुकीचं आहे. नायट्रिकवर भुसा टाकला तर भुसाच पेट घेऊ शकतो. आणि साचलेल्या सांद्र सल्फ्युरिकवर थोडं पाणी मारलं की ते उकळून अंगावर उडतं. शिवाय पातळ झालेलं अ‍ॅसिड हौद्याचा पत्रा खातं आणि हायड्रोजन सोडतं. ९८ टक्क्यांचं तसं करत नाही, म्हणूनच ते साध्या लोखंडी टँकरमधून जाऊ शकतं.

कोरडी वाळू ठेवा, निदान १०० किलो, आणि ती उताराकडच्या बाजूला आधी टाका. १३ जून २०२३ ला लोणावळ्याजवळ कुणे पुलावर टँकर उलटून पेटला, तेव्हा जळतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर पडलं आणि खालून जाणारे लोकही दगावले. घाटात सांडलेलं द्रव जागेवर थांबत नाही, म्हणून आधी बांध, मग बाकीचं.

अ‍ॅसिड मारायला सोडा अ‍ॅश (सोडियम कार्बोनेट) नंतर, कडेकडून थोडा थोडा, कारण फेस येतो. १ किलो ९८ टक्के सल्फ्युरिकला साधारण १.०६ किलो सोडा अ‍ॅश लागतो. म्हणजे एका कारबॉयला ६८ किलो. गाडीत २५ किलोची गोणी असली तरी ती शिंतोड्यांपुरती आणि फटीतून झिरपणाऱ्यापुरती. पूर्ण कारबॉय फुटला तर वाळूने अडवून लोकांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांब न्यायचं आणि ११२ ला कळवायचं. पोलीस ठाण्याला आणि मालकाला तत्काळ कळवणं हे नियम १३६ प्रमाणे ड्रायव्हरचं कामच आहे.

ईटीपीवाली

पाणी गाडीत हवंच, पण माणसासाठी. ४० लिटरचा नळ असलेला कॅन केबिनच्या बाहेर, हात पोचेल असा. अंगावर अ‍ॅसिड उडालं तर कपडे उतरवत उतरवत भरपूर पाणी, किमान १५ ते २० मिनिटं. डोळ्यांत गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून. ४० लिटर संपायच्या आत पुढच्या पाण्याची सोय बघायची. सोडा अंगाला चोळायचा नाही.

हातमोजे निओप्रीनचे घ्या. ते निळे पातळ नायट्राइलचे मोजे ६८ टक्के नायट्रिकपुढे टिकत नाहीत. फेसशील्ड, पीव्हीसी एप्रन, गमबूट दोघांसाठी, म्हणजे क्लीनरसाठीही.

आणि हे कृपया ड्रायव्हरला समोर बसवून सांगा. नायट्रिक लोखंडावर सांडून तपकिरी धूर आला आणि तो कोणाच्या छातीत गेला, तर त्या वेळी नुसता ठसका लागतो आणि माणूस "बरं वाटतंय" म्हणून पुन्हा गाडी चालवायला बसतो. फुप्फुसात पाणी त्यानंतर काही तासांनी भरतं, कधी दुसऱ्या दिवशी. तक्रार नसली तरी दवाखान्यात २४ तास देखरेखीखाली ठेवायला सांगा आणि डॉक्टरांना ट्रेम कार्ड दाखवा.

सायनाइडच्या फेरीला: कोणी कोसळला तर तोंडाने श्वास द्यायचा नाही, मोकळ्या हवेत आणून ऑक्सिजन, आणि उतारा असलेलं रुग्णालय गाडी निघायच्या आधीच फोन करून ठरवून ठेवा. त्या गाडीत कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक नको, कोरड्या पावडरचा ठेवा.

भोसरी_प्लेटिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. व्यापाऱ्याला नियम १३१ दाखवला, तो ट्रेम कार्डं मराठी-हिंदीत करून देतोय. अ‍ॅसिडची फेरी सोमवारी पहाटे, ड्रायव्हरच्या लायसन्सवर शेरा आहे, मागचा बार वेल्ड करून घेतोय. एकच राहिलं: परतीला रिकामे कारबॉय जातील. तेव्हा बोर्ड काढायचे ना? आणि अ‍ॅसिड-हायपोचे रिकामे एकत्र चालतील?

नियम१२९

न धुतलेला रिकामा कारबॉय भरलेलाच धरायचा. लेबल, बोर्ड, ड्रायव्हर, सगळं तसंच.

क्षारआम्ल

आणि एकत्र नकोत. रिकाम्या म्हणवणाऱ्या कारबॉयच्या तळाशी पेलाभर अ‍ॅसिड असतंच, आडवा पडला की ते झाकणातून येतं. झाकणं घट्ट लावा, सगळे उभे ठेवा. सोमवारच्या गाडीने अ‍ॅसिडचेच रिकामे पाठवा. हायपोचे त्यांच्या फेरीला. बोर्ड उतरवायचे ते तळोज्यात हौदा रिकामा होऊन धुतल्यावर.