घरीच रंगवलेलं कापड: तुमचे अनुभव सांगा

गणपतीला गावी आलं की दरवर्षी तेच, माजघराचे पडदे विटलेले, खुर्च्यांना धड अभ्रे नाहीत आणि दुकानात डिझाइनचं कापड बघायला गेलं की बजेट कोलमडतं. म्हणून यंदा देवगडच्या घरासाठी मांजरपाटाचं 8 मीटर कापड आणलंय, स्वतःच रंगवणार आहे. ज्यांनी केलंय त्यांनी सगळं लिहा, फसलेलं पण लिहा. आपल्याकडच्या दमट हवेत काय टिकतं ते मला खास हवंय.

आधी कापड धू गो बाय! कोऱ्या कापडाला खळ असते. मी ती न काढताच टेबलक्लॉथ रंगवला आणि दुसऱ्या धुण्यात रंगाचे पापुद्रे सुटले, फार वाईट वाटलं, आठवडाभराची मेहनत होती. आता रात्रभर भिजवते, साबणाने धुते, वाळवून इस्त्री करते, मगच रंग. ठसे परसातलेच. भेंडी आडवी कापली की पाकळ्यांचं फूल उठतं, फक्त कापल्यावर थोडा वेळ कागदावर उपडी ठेवायची, नाहीतर बुळबुळीतपणामुळे रंग घसरतो. पण माझा सगळ्यात लाडका ठसा म्हणजे केळीच्या पानाचा दांडा. आडवा काप, चंद्रकोर मिळते आणि तिच्या आत जाळीदार खण असतात, ते एकेक सुटे उमटतात, असं कोरून करायचं म्हटलं तर हात दुखतील. ठसा रंगात बुडवायचा नाही, ताटलीत ओला स्पंज ठेवून त्यावर रंग पसरायचा आणि त्यावर टेकवायचा. कापडाखाली घोंगडीची घडी घाल, ठसा भरून येतो.

मी जुन्या एक्स-रे फिल्मचं स्टेन्सिल कापलं होतं, मस्त चालतं, धुवून परत परत वापरता येतं. रंगात पाणी मात्र घालू नका, कडेखालून पसरतो. आणि पडदा सगळा भरायची गरज नाही, खाली वीतभर काठ केला तरी खोली उठून दिसते, रंग पण कमी लागतो.

रत्नागिरीहून लिहितेय. मी श्रावणात चार अभ्रे रंगवले, हाताला कोरडे लागले म्हणून घडी करून ट्रंकेत ठेवले, गणपतीच्या आदल्या दिवशी काढले तर एकमेकांना चिकटलेले आणि वर बुरशीचे काळे ठिपके. रडूच आलं. पावसात रंगवायचंच असेल तर पंख्याखाली दोन दिवस पसरून ठेवा, मग उलट्या बाजूने, वाफ न सोडता, कडक इस्त्री करा, एकेका जागी चार-पाच मिनिटं तरी फिरवत राहा. फॅब्रिक कलर अॅक्रिलिक असतो, उष्णतेने तो धाग्याला धरतो, ही पायरी कोणी गाळू नका. पहिली धुलाई आठवड्यानंतर, ती पण गार पाण्यात. मी आता हे काम एप्रिल-मेमध्येच उरकते, अंगणात आंबे आणि पडदे शेजारी शेजारी.

आमसुलाच्या पाण्याने रंगवू नका कोणी, सुंदर गुलाबी येतो पण साबण लागला की निळसर-राखाडी होतो, आणि हळद उन्हात उडते. काताचा तपकिरी मात्र माझ्याकडे दोन वर्षं टिकलाय. सावर्ड्याला मामाकडे गेले की कात घेऊनच येते.

आमच्या सावंतवाडीच्या गंजिफा बघितल्यात ना? गोल पत्ते, दशावतारी गंजिफेत 10 अवतारांचे 12-12, म्हणजे 120. त्यावरून मी 10 उश्या केल्या, एकेका उशीवर एक अवतार, वाटी उपडी ठेवून गोल आखला आणि बारीक ब्रशने आधी बाह्यरेषा, मग आत रंग. मत्स्य-कूर्म सोपे आहेत, तिथून सुरुवात कर. आमची आई म्हणाली, ‘ह्या तू केलंस?’ आणि कितीतरी वेळ वराहावरून हात फिरवत बसली.

सगळ्यांचे खूप आभार, कापड आत्ताच बादलीत भिजत घातलंय. ताई, केळीचा दांडा किती ठसे चालतो?

वीस-पंचवीस झाले की कडा मऊ पडते. मग वरची पातळ चकती सुरीने उडवायची आणि पुढे चालू, दांडा हातभर तरी असतोच.