खरी गंमत उपप्रश्नात

विधिमंडळात आमदारांच्या प्रश्नांना उत्तर देताना मंत्री नुसता कागद वाचतात, असं काही जण म्हणतात. छापील उत्तरापुरतं खरंय. नागपूरच्या अधिवेशनातल्या प्रश्नोत्तरांच्या याद्या चाळल्यात मी. "हे खरे आहे काय?" "हे अंशतः खरे आहे." "विलंबाची कारणे काय?" "प्रश्न उद्भवत नाही." झालं!

पण तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाला उपप्रश्न असतात; मिळालेल्या उत्तरावर आमदार तिथंच पुढचं विचारू शकतात. तेव्हा अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठ्या धावू लागतात, आणि खातं न वाचलेला मंत्री "माहिती घेऊन सांगतो"वर येतो. अतारांकितात ती सोयच नाही, लेखी उत्तर आलं की विषय बंद.

विदर्भाला मराठी राज्यात घेण्यासाठी झालेल्या १९५३च्या नागपूर करारामुळे वर्षातून एक अधिवेशन इथं नागपुरात होतं. त्यातही प्रश्नोत्तराचा तास गोंधळात गेला, तर आमच्या संत्र्या-कापसाचे उपप्रश्न विचारायचे कधी बाप्पा?