कॅड + कोडिंगसाठी लॅपटॉप: 'मोठ्यात मोठं ग्राफिक कार्ड घे' म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

आडवीरेघ: परवा एकाने विचारलं, कॅड (कॉम्प्युटरवर डिझाइन, ड्रॉइंग) आणि प्रोग्रामिंग दोन्हीसाठी कुठला लॅपटॉप घेऊ, आणि पहिलंच उत्तर, 'सगळ्यात भारी कार्डवाला गेमिंग लॅपटॉप उचल, डोळे झाकून.' वर त्याला एवढे लाइक्स! अरे सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये रीबिल्ड (बदलानंतर मॉडेलची पुन्हा आकडेमोड) चालू असताना कधी टास्क मॅनेजर उघडून बघितलाय का? प्रोसेसरचा एक कोर घाम गाळतोय, बाकीचे झोपलेत आणि ते तुमचं भारी कार्ड जांभया देतंय. मॉडेलमधलं पुढचं फीचर (भोक, गोल केलेली कड वगैरे) आधीच्यावर उभं असतं, ते बहुतेक एकामागून एकच होणार, म्हणून आधी सिंगल कोरचा वेग बघा. कार्ड लागतं मोठी असेंब्ली (अनेक भाग जोडलेलं मॉडेल) फिरवताना आणि काही रेंडरिंगला (मॉडेलचं फोटोसारखं चित्र काढायला). त्यात नुसतं नाव वाचून घेऊ नका, लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० कार्ड कुणी ३५ वॅटवर चालवतं कुणी ११५ वर, स्टिकर तोच. उरलेले पैसे रॅममध्ये घाला, ३२ जीबी.

अर्धविराम: एवढा त्रास कशाला, मॅकबुक घ्या. कोड कंपाइल झरझर, पंख्याचा आवाज नाही, कॅडमधलं फ्यूजन चालतं, ऑटोकॅडही चालतं.

आडवीरेघ: आणि फक्त विंडोजवर चालणारं इन्व्हेंटर? रेव्हिट? सॉलिडवर्क्स? २०२० मध्ये ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर एम१ आला आणि मॅकवर थेट विंडोज टाकू देणारं बूटकॅम्प गेलं, आता तुमचं ते पॅरलल्समधलं (मॅकच्या आतच चालणारं) एआरएम विंडोज घेऊन बसा.

मिलीमीटर: या भांडणात मुद्द्याचं कुणीच बोलत नाहीये. नमपॅड, कीबोर्डच्या उजवीकडची आकड्यांची बटणं! दिवसभर मापं टाकायची असतात, वरच्या ओळीतले आकडे दाबून मनगट गेलं माझं. नमपॅड नाही तर तो लॅपटॉप कॅडचा नाहीच.

अर्धविराम: आणि आम्ही काय पाप केलंय? नमपॅड आला की अख्खा कीबोर्ड डावीकडे, टचपॅड डावीकडे, आपण मात्र स्क्रीनच्या मधोमध. दोन वर्षं तिरका बसून कोड लिहिलाय, मान अजून कुरकुरते. बाहेरचा नमपॅड जोडा ना, यूएसबीवर मिळतो.

मिलीमीटर: मग तूच बाहेरचा कीबोर्ड जोड की.

अर्धविराम: लॅपटॉप म्हणतात त्याला, मांडीवर ठेवून वापरायचा!

मिलीमीटर: मांडीवर असेंब्ली उघडून दाखव, भाजून निघशील.

उघडझाप: तुमचं नमपॅडपुराण आवरा जरा. माझ्या गेमिंग कार्डवर स्केच करताना सिलेक्ट केलेल्या कडा गायब व्हायच्या. सॉलिडवर्क्सच्या सपोर्टला फोन केला तर म्हणे, तुमचं कार्ड आमच्या सर्टिफाइड यादीत नाही, विषय संपला. आठवडाभराने जुना ड्रायव्हर टाकला तेव्हा कुठे कडा दिसल्या. वर्कस्टेशन कार्डाला (अशा कामासाठीच बनवलेल्या) नावं ठेवणाऱ्यांनी हा आठवडा मला परत द्यावा.

आडवीरेघ: मी कुठे नावं ठेवली? बरं बाबा, पोट सॉलिडवर्क्सवर असेल तर यादीतलं कार्ड घ्या, मान्य. पण मग रॅम सोल्डर केलेली (बोर्डाला कायमची जोडलेली) नाही ना तेही बघा. माझ्यात १६ जीबीची एकच पट्टी होती, दुसरा स्लॉट रिकामा, निदान दुसरी पट्टी घालता तरी आली. डॉकर (कोडिंगचं, बरीच रॅम खाणारं सॉफ्टवेअर) आणि कॅड एकत्र उघडलं की आधी नुसतं गचके खायचं.

अर्धविराम: हे एक पटलं. दुर्दैवाने.

मिलीमीटर: आडवीरेघ, तुझ्यात नमपॅड आहे का?

आडवीरेघ: आहे.

मिलीमीटर: बघ रे अर्धविराम.

आडवीरेघ: वापरत नाही मी तो. नमलॉक चुकून बंद होतो आणि माप टाकायला जावं तर कर्सर भलतीकडे पळतो.